नागपूरहून सांचीची अभ्यास-सहल : स्तूपाला पुरेसा वेळ, मंदिरांना मात्र उरलासुरला

नागपुरातून सांचीला जाणाऱ्या सहली नव्या नाहीत. धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपला आणि थंडीला सुरुवात झाली की शहरातील अनेक मंडळे, बुद्धविहार आणि खासगी आयोजक भोपाळ-सांची-विदिशा असा दौरा काढतात. परंतु ‘प्राचीन बौद्ध वास्तुकलेची अभ्यास-सहल’ असे स्पष्ट नाव देऊन, सोबत जाणकार मार्गदर्शक आणि मराठीतील माहितीपुस्तिका देण्याचे आश्वासन देणारी सहल क्वचितच आढळते. सीताबर्डीवरील एका आयोजकाने तशी जाहिरात केल्यामुळे आम्ही कुटुंबासह नोंदणी केली. आयोजकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे गुणदोष सांगितले आहेत ते थोड्याफार फरकाने अशा बहुतेक सहलींना लागू पडावेत. प्रवासाची व्यवस्था चोख होती. मात्र वास्तुकला हा ज्या सहलीचा विषय म्हणून सांगितला गेला, त्या सहलीने सांचीच्या टेकडीवरील मंदिरांकडे केलेले दुर्लक्ष मला खटकले.

व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि हे त्या व्यवस्थेच्या बाजूनेच बोलणारे आहे. रात्रीच्या गाडीने भोपाळ, तेथे स्नान आणि पोहे-जिलेबीचा नाश्ता (तर्री नसल्याबद्दल डब्यातल्या निम्म्या मंडळींनी हळहळ व्यक्त केली), आणि मग बसने सुमारे ४६ किलोमीटरवरील सांची, असा क्रम होता. वाटेत कर्कवृत्त जेथे रस्ता ओलांडते तेथे छायाचित्रासाठी थांबा दिला गेला. बस स्वच्छ होती, वेळा पाळल्या गेल्या, ज्येष्ठांना खालची बर्थ मिळेल याची काळजी आयोजकांनी आधीच घेतली होती. नोंदणीच्या वेळी जे शुल्क सांगितले त्याच्याबाहेर एक रुपयाही मागितला गेला नाही. स्मारकाचे प्रवेशशुल्कही त्यातच होते.

सांचीचा मोठा स्तूप नागपूरकराला परका वाटत नाही. वास्तुविशारद शिवदानमल यांनी दीक्षाभूमीच्या स्तूपाची रचना करताना सांचीचाच आदर्श समोर ठेवला होता, आणि १८ डिसेंबर २००१ रोजी लोकार्पण झालेल्या त्या वास्तूचा घुमट आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो की सांचीच्या टेकडीवर पाऊल ठेवताच तुलना आपोआप सुरू होते. दोन्हींचा व्यास सुमारे १२० फूट आहे. आमच्या गटातील, नागपूरच्या इंदोरा भागातील एका मावशींनी प्रदक्षिणा अर्धी होताच मार्गदर्शकाला थेट विचारले, “आपल्या दीक्षाभूमीत तं आत जाता येते जी, इथचं दार कोनाकडं आहे?” मार्गदर्शक हसला आणि ‘दार नाही’ एवढेच सांगून पुढे निघाला. खरे तर संपूर्ण सहलीत विचारला गेलेला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, तेथे माणसे एकत्र जमतात. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला आत नाहीच, त्याची पूजा बाहेरून फिरून करायची असते. मग भिक्षूंना आणि उपासकांना छताखाली एकत्र येऊन वंदना करायची असेल, किंवा पुढे बुद्धमूर्तीची पूजा सुरू झाल्यावर तिच्यासाठी घर बांधायचे असेल, तर काय केले गेले? त्याचे उत्तर स्तूपापासून हाकेच्या अंतरावर, दक्षिणेकडील जमिनीवर उभे आहे. तेथपर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा जेवणाची वेळ झालेली होती.

स्तूपाजवळ मार्गदर्शकाने दिलेली माहिती एकंदरीत चांगली होती. त्याने खिशातून दोनशे रुपयांची नोट काढून तिच्या मागील बाजूवरील स्तूपाचे चित्र प्रत्यक्ष वास्तूशी ताडून दाखवले, आणि अंड (घुमट), हर्मिका (माथ्यावरील चौकोनी कठडा), छत्र, मेधी (खालचा चौथरा), वेदिका (भोवतालचा दगडी कठडा) हे भाग मुलांच्याही लक्षात राहतील अशा पद्धतीने समजावले. बुद्धाचे जीवनप्रसंग कोरताना त्या काळी बुद्धाची मानवी आकृती दाखवत नसत, म्हणून रिकामे आसन, बोधिवृक्ष, पदचिन्हे आणि धर्मचक्र यांतून त्याचे अस्तित्व सुचवले आहे, हे त्याने पूर्व तोरणावरील, म्हणजे पूर्वेच्या कोरीव दगडी प्रवेशद्वारावरील, शिल्पे दाखवत नीट सांगितले. दक्षिण तोरणावरील दोन लेखांकडे त्याने लक्ष वेधले, याबद्दल त्याचे विशेष आभार मानावे लागतील. एका लेखात सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याने दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि दुसऱ्यात विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी हे शिल्पकाम केल्याचे म्हटले आहे. हे वाचल्यावर त्या तोरणाच्या खांबावरील गर्दीने भरलेली, बोटभर जागाही रिकामी न सोडणारी नक्षी वेगळ्या नजरेने पाहिली जाते. दगडावर हत्यार चालवणारा हात हस्तिदंतावर तयार झालेला होता, हे तिच्या बारकाव्यांवरून जाणवते. सातवाहनांचे नाव ऐकताच आमच्या मंडळींचे कान टवकारले, आणि ते साहजिकच होते.

माहितीपुस्तिकेने मात्र येथे घोळ केला आहे. ‘सम्राट अशोकाने बांधलेला भव्य दगडी स्तूप व चार तोरणे’ असे वाक्य तिच्या पहिल्याच पानावर छापले आहे. अशोकाच्या काळातील स्तूप विटांचा होता आणि आजच्या स्तूपाच्या साधारण निम्म्या आकाराचा होता. तो आजही आत आहे. त्यावर दगडी आवरण चढवून त्याचा विस्तार शुंगकाळात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाला, भोवतालची दगडी वेदिकाही त्याच सुमाराची, आणि तोरणे त्यानंतर सातवाहनांच्या काळात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास उभारली गेली. अशोकाचा निर्विवाद पुरावा हवा असेल तर दक्षिण तोरणाजवळ उभ्या असलेल्या त्याच्या स्तंभाच्या बुंध्याकडे पाहावे. चुनारच्या वालुकाश्माची ती झिलई आजही हाताला गुळगुळीत लागेल अशी दिसते, आणि त्यावरील ब्राह्मी लेखात संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू वा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून संघाबाहेर राहायला लावावे, अशी राजाज्ञा आहे. हा स्तंभ एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला, असे सांगितले जाते. अशी साधी चूक पुस्तिकेत राहावी हे ‘अभ्यास-सहल’ या नावाला शोभणारे नाही. पुढील आवृत्तीत ती दुरुस्त व्हावी.

आता मुख्य विषयाकडे वळतो. दक्षिण तोरणातून बाहेर पडून समोर पाहिले की उंच खांबांची एक उघडी रांग दिसते. हे मंदिर क्रमांक १८. आमच्या मार्गदर्शकाने त्याच्याकडे हात करून ‘हे एक जुने मंदिर’ असे म्हटले, आणि शेजारच्या छोट्या दगडी वास्तूकडे, म्हणजे मंदिर क्रमांक १७ कडे, ‘गुप्तकालीन मंदिर, येथे फोटो चांगला येतो’ असे सांगून गटाला दहा मिनिटे मोकळे सोडले. भारतात बौद्ध मंदिर कसे घडत गेले, हे डोळ्यांनी पाहता येईल अशी जागा म्हणून मला या परिसराइतकी सोयीची जागा ठाऊक नाही. येथे एक तास तरी द्यायला हवा होता. मी तो जेवणाच्या वेळेतून काढला, त्यामुळे पुढील मजकूर मार्गदर्शकाचा नसून माझ्या निरीक्षणाचा आणि पूर्ववाचनाचा आहे.

या कथेची सुरुवात खरे तर आणखी थोडे दक्षिणेला असलेल्या मंदिर क्रमांक ४० पासून करावी. तेथे आज पाहण्यासारखे फारसे उभे नाही, म्हणून गट तिकडे नेलाच जात नाही. एक उंच दगडी जोते, त्याच्या लांब बाजूंना चढण्यासाठी पायऱ्या, आणि वर अष्टकोनी खांबांचे बुंधे एवढेच उरले आहे. मूळ वास्तू मौर्यकाळातील, मागच्या टोकाला गोल वळण घेणारी, म्हणजे गजपृष्ठाकार होती. तिचा वरचा भाग लाकडी होता आणि तो आगीत नष्ट झाला. पुढे जोते वाढवून त्यावर दगडी खांबांचा मंडप उभारला गेला. लाकडातून दगडाकडे झालेला प्रवास पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या जोत्यावर उभे राहून खांबांच्या बुंध्यांमधून चालत जाणे वेगळे.

ज्याने कार्ले किंवा भाजे पाहिले आहे त्याला मंदिर क्रमांक १८ चा आराखडा लगेच ओळखू येईल: मध्ये लांबट सभागृह, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, आणि टोकाला अर्धवर्तुळ. फरक एवढाच की सह्याद्रीत हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे सभागृह, डोंगर पोखरून तयार झाले, आणि येथे ते मोकळ्या जमिनीवर दगडावर दगड रचून बांधले गेले. शिवाय कार्ल्याला खांबांची रांग अर्धवर्तुळातूनही फिरते, येथे त्या वळणावर खांबांऐवजी भरीव भिंत होती. आज उभे असलेले खांब सातव्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात. प्रत्येक खांब एकाच दगडातून काढलेला, सुमारे १७ फूट उंच, आणि काहींच्या माथ्यावर अजून आडव्या तुळया टेकलेल्या आहेत. उत्खननात त्यांच्या तळाशी त्याहून जुन्या गजपृष्ठाकार बांधकामांचे पाये सापडले. म्हणजे एकाच जागी, त्याच आकाराचे मंदिर पुन्हा पुन्हा बांधले जात राहिले. या एका वाक्यासाठीही मार्गदर्शकाने येथे थांबायला हरकत नव्हती.

मंदिर क्रमांक १७ कडे मी सर्वाधिक वेळ पाहत राहिलो. ते पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे आणि आकाराने इतके लहान आहे की आपल्याकडील गावच्या मारुतीच्या देवळापेक्षा मोठे वाटू नये. चौरस गर्भगृह, त्यापुढे चार खांबांचा मुखमंडप, वर शिखराविना सपाट छप्पर. झाले. भिंती साध्या, घडीव दगडांच्या; नक्षी फक्त दारचौकटीला आणि खांबांना. खांब खाली चौकोनी आहेत, वर जाताना अष्टकोनी आणि मग सोळा पैलूंचे होतात, त्यावर उलट्या कमळाची घंटा, आणि त्यावरील ठोकळ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले सिंह. सिंहांचे तोंड झिजले आहे, पण आयाळीच्या बटा अजून मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. गर्भगृह आज रिकामे आहे. सांचीचे उत्खनन आणि जतन ज्यांनी १९१२ ते १९१९ या काळात केले त्या जॉन मार्शल यांना या छोट्या मंदिराची प्रमाणबद्धता आणि संयम पाहून प्राचीन ग्रीक वास्तूंची आठवण झाली होती. ही तुलना मला आवश्यक वाटत नाही, पण त्यामागील कौतुक अगदी योग्य आहे. येथे जे दिसते ते म्हणजे पुढील हजार वर्षांच्या भारतीय मंदिराचा मूळ आराखडा: मूर्तीसाठी अंधारी खोली आणि तिच्यापुढे भक्तासाठी सावली.

येथे नागपूरकरासाठी एक खास धागा आहे, आणि तो आयोजकांच्या हातून निसटला याचे वाईट वाटते. हे मंदिर ज्या काळातले, त्याच काळात गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भातील वाकाटक राजघराण्यात दिली गेली होती आणि पती रुद्रसेन दुसरा याच्या निधनानंतर ती नंदिवर्धनातून, म्हणजे आपल्या रामटेकजवळील नगरधनहून, राज्यकारभार पाहत होती. रामटेकच्या गडावरील केवल नृसिंह मंदिर पाचव्या शतकातले, तेही आकाराने बसके, सपाट छपराचे आणि चौरस गर्भगृहाचे. पंथ वेगळा, पण बांधण्याची पद्धत जवळची. जो माणूस रविवारी रामटेकला जाऊन येतो त्याला मंदिर क्रमांक १७ समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतील, आणि ते त्याला कायमचे लक्षात राहील. तसेच भंडारा जिल्ह्यातील पवनीचे नाव घेता आले असते. तेथे १९६९-७० च्या उत्खननात स्तूप आणि कोरीव वेदिकेचे अवशेष सापडले, आणि त्यांवरचे दानलेख सांचीच्या दानलेखांच्याच जातीचे आहेत. नागपूरहून निघालेल्या सहलीने पवनीचा उल्लेखही न करता सांची दाखवावी, हे मला पटले नाही.

गुप्तकाळात सांचीचा हा विहार नुसता टिकून नव्हता, चांगला भरभराटीत होता, याचे पुरावे वेदिकेवरच कोरलेले आहेत. इ. स. ४१२-१३ च्या लेखात चंद्रगुप्ताचा अधिकारी आम्रकार्दव याने काकनादबोट महाविहाराला गाव आणि २५ दीनार (सोन्याची नाणी) दिल्याची नोंद आहे. त्या उत्पन्नातून भिक्षूंना भोजन आणि दिव्याची सोय व्हावी, अशी त्याची इच्छा होती. काकनादबोट हे त्या काळचे सांचीचे नाव. दुसरा लेख इ. स. ४५०-५१ चा, हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेचा. तिने १२ दीनार रोज एका भिक्षूच्या जेवणासाठी, तीन दीनार रत्नगृहातील दिव्यांसाठी आणि एक दीनार चार बुद्धांच्या आसनापाशी दिवा लावण्यासाठी दिला. स्तूपाच्या चारही प्रवेशांसमोर आज ज्या झिजलेल्या बुद्धमूर्ती दिसतात त्या त्यापूर्वीच बसवल्या गेल्या होत्या, हे याच लेखावरून कळते. रिकाम्या आसनापासून प्रत्यक्ष मूर्तीपर्यंतचा बदल त्या एका दीनाराच्या नोंदीत दिसतो. आमच्या गटातील कोणालाही हे लेख दाखवले गेले नाहीत; मूर्तींसमोर मात्र पुष्कळ छायाचित्रे निघाली.

पूर्वेकडील उंचवट्यावरील मंदिर क्रमांक ४५ पर्यंत आम्ही पोहोचलो ते मात्र सर्व मिळून, आणि तेथे मार्गदर्शक पुन्हा खुलला. ते नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमाराचे, विहाराच्या चौकाला लागून असलेले मंदिर आहे. दारचौकटीवर गंगा-यमुना, आत भूमिस्पर्श मुद्रेतील, म्हणजे उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणारा, बुद्ध, आणि वर शिखराचा उरलेला भाग. क्रमांक १७ मधील साधी चौरस खोली येथवर येईपर्यंत किती नटली आहे, हे दोन्ही लागोपाठ पाहिली तरच कळते. आमच्या सहलीत त्यांच्यामध्ये जेवण आले, आणि त्या दोन्हींतला संबंध बहुतेकांच्या लक्षात आला नाही.

जीर्णोद्धाराची गोष्ट मार्गदर्शकाने रंगवून सांगितली आणि ती मुख्यतः बरोबर होती. १८१८ मध्ये जनरल टेलर यांना हे अवशेष आढळले, १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन यांनी मोठा स्तूप वरून खालपर्यंत फोडून त्याचे अतोनात नुकसान केले, १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेझी यांना तिसऱ्या स्तूपात बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्त आणि महामोग्गलान यांचे अस्थिधातू (पवित्र अस्थी) मिळाले. ते पुढे इंग्लंडला गेले, परत आले, आणि आज १९५२ मध्ये बांधलेल्या चेतियगिरी विहारात आहेत; दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या उत्सवात त्यांचे दर्शन घडते. दक्षिण तोरण १८८०च्या दशकात पुन्हा उभारताना त्याच्या वरच्या आणि खालच्या तुळया उलट्या, म्हणजे पुढची बाजू मागे अशा, बसल्या, हा तपशील त्याने सांगितला नाही. तो सांगितला असता तर मुलांनी आनंदाने शोधून काढला असता.

दुसऱ्या दिवशीचा विदिशेजवळील उदयगिरी लेण्यांचा आणि ग्रीक राजदूत हेलिओडोरसने उभारलेल्या गरुडस्तंभाचा कार्यक्रम आटोपशीर आणि समाधानकारक झाला; तेथे विषय मंदिराचा नसून लेण्यांचा आणि गरुडध्वजाचा असल्याने त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही. सांचीचे पुरातत्त्व संग्रहालय मात्र चुकवू नये. अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष तेथे आहे, आणि टेकडीवरचा बुंधा पाहिल्यानंतर ते पाहिले की स्तंभ पुरता डोळ्यांसमोर उभा राहतो. आयोजकांनी संग्रहालय टेकडीच्या आधी ठेवले होते, त्यामुळे शीर्ष पाहताना ते कशाचे हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते.

एकूण पैशाचा हिशेब लावला तर सहल महाग नाही. प्रवास, मुक्काम, जेवण आणि वागणूक यांत काही उणे नव्हते, आणि आई-वडिलांना घेऊन निश्चिंतपणे जायचे असेल तर मी ही सहल सुचवीन. ज्यांना वास्तुकलेसाठीच जायचे आहे त्यांनी नोंदणी करतानाच दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: टेकडीवर सकाळचा पूर्ण वेळ मिळेल का, आणि स्तूपाच्या प्रदक्षिणेनंतर क्रमांक ४०, १८, १७ आणि ४५ या क्रमाने मंदिरे दाखवली जातील का. आयोजक ऐकून घेणारे आहेत. परतीच्या गाडीत मी हे सुचवले तेव्हा त्यांनी ते लिहून घेतले. सहल शुक्रवारी टेकडीवर पोहोचणारी असेल तर तारीख बदलून मागावी, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असते.